डावा हात माझा, उजवा तिचा

डाव्या मनगटाला प्लास्टर, हात गळ्यातल्या झोळीत आणि उजव्या खांद्यावर गिटारची बॅग, अशी माझी तेरा वर्षांची विद्यार्थिनी दारात उभी राहिली. मागोमाग तिची आई. "ताई, पायऱ्यांवरून घसरली. प्लास्टर निघेपर्यंत क्लास बंद ठेवावा लागेल, हे तुम्हीच सांगा तिला. माझं ऐकतच नाही."

मी पुण्यात क्लासिकल गिटार शिकवते. डाव्या हाताने फ्रेटबोर्डवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावरच्या पट्टीवर, तारा दाबायच्या आणि उजव्याने छेडायच्या. एक हात निकामी झाला की वादन थांबलं, असं कुणालाही वाटेल. मला मात्र जुना इटालियन गिटारवादक आणि संगीतकार माउरो जुलिआनी आठवला. त्याचा ओपस १ (रचना क्रमांक एक), म्हणजे गिटारच्या अभ्यासाचं पुस्तक, १८१२ साली व्हिएन्नात छापून आलं. त्यातला पहिला भाग १२० पाठांचा आहे आणि तो सगळा उजव्या हातासाठी आहे. डाव्या हाताने धरायच्या कॉर्ड, म्हणजे स्वरांचे गुच्छ, दोनच, सी आणि जी सेव्हन. पाठागणिक बदलतो तो अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांचा क्रम.

मी तिला नेहमीसारखं बसवलं, डावा पाय फूटस्टूलवर, गिटारचा नेक तिरपा वर. तिच्या डावीकडे खुर्ची ओढून घेतली आणि माझ्या डाव्या हाताने सी धरली. "तू फक्त छेड."

आधी दोघींनाही हसूच येत होतं. कॉर्ड बदलायची वेळ आली की ती थबकायची, कारण बदल माझ्या हातात होता. मग मी बदलाआधी ऐकू येईल असा श्वास घ्यायला लागले आणि लय जमली. तिने माझ्या बोटांकडे बघायचं सोडलं. अनामिका किंचित उशिरा पडतेय, तिचा स्वरही बारीक येतोय, हे तेव्हा स्पष्ट ऐकू आलं. एरवी कॉर्ड वेळेत बसली नाही, बोट शेजारच्या तारेला लागलं, अशा डाव्या हाताच्या अडचणींत हे मिसळून जायचं. आता तारा मी दाबत होते, त्यामुळे जे काही कमी-जास्त होतं ते उजव्या हाताचंच होतं. शिवाय प्रत्येक आघाताची थरथर माझ्या बोटांच्या टोकांना कळत होती. इतक्या वर्षांत कुठल्याच विद्यार्थ्याचा हात मला असा आतून कळला नव्हता.

"ताई, हे बोट मागे राहतंय," ती आपणहून म्हणाली.

आई बराच वेळ गप्प बसून ऐकत होती. तिने विचारलं, "त्याच दोन कॉर्ड, एकशे वीस वेळा? कोण होता हा माणूस?"

मग गिटार बाजूला राहिली आणि मी सांगत बसले. जुलिआनीचा जन्म १७८१चा, दक्षिण इटलीतल्या बिशेल्ये गावचा. बार्लेत्ता गावी तो आधी चेलो, म्हणजे गजाने वाजवायचं व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, शिकला. १८०६ मध्ये व्हिएन्नाला गेला आणि दोनच वर्षांत स्वतःचा गिटार कन्सर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, वाद्यवृंदासोबत वाजवून नाव कमावलं. डिसेंबर १८१३ मध्ये बेथोव्हनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, त्या वादकांमध्येही तो होता, बहुधा चेलोवर.

या चेलोपाशी मी नेहमीच थांबते. चेलोचा स्वर गजाने लांबवता येतो, गिटारचा मात्र छेडल्या क्षणापासून विझू लागतो. चेलो वाजवणाऱ्या माणसाला ही उणीव फार टोचली असणार, असं मला वाटतं. आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागोमाग छेडणं, हा त्यावरचा इलाज. एक स्वर विझायच्या आत दुसरा, मग तिसरा, म्हणजे कॉर्ड भरलेली राहते. पण त्यासाठी सगळी बोटं सारख्या ताकदीची हवीत. एक जरी मागे पडलं तरी त्या भरलेपणाला भोक पडतं. १२० पाठ कशासाठी, ते इथे कळतं. मुलीने मान डोलावली. तिला ते भोक नुकतंच ऐकू आलं होतं.

पुढचं आयुष्य मी भराभर सांगितलं. कर्जामुळे १८१९ मध्ये व्हिएन्ना सुटलं, मालमत्ता जप्त झाली. त्यानंतर रोम. या काळात इटालियन संगीतकार रोसिनीच्या ऑपेरांतल्या, म्हणजे संगीत नाटकांतल्या, सुरावटी गुंफून त्याने सहा 'रोसिनियाने' लिहिल्या. कर्जबाजारी होऊन आलेल्या माणसाने इतकं उमदं, खेळकर संगीत लिहावं, याचं मला आजही नवल वाटतं. १८२९ मध्ये तो नेपल्सला वारला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याची मुलगी एमिलिया उत्तम गिटार वाजवायची. नेपल्समध्ये बापलेकीने अनेकदा एकत्र कार्यक्रम केले. तिने स्वतः लिहिलेले प्रिल्यूड, म्हणजे छोटे स्वतंत्र तुकडे, आजही वाजवले जातात.

"एका गिटारवर दोघं?" मुलीने विचारलं.

"नाही गं. आपापल्या गिटारवर."

क्लास बंद झाला नाही. प्लास्टर निघेपर्यंत आम्ही तसंच वाजवलं, अनामिकेचे पाठ जास्त, बाकीचे कमी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिने स्वतः सी धरली तेव्हा डावा हात आखडलेला होता, कॉर्डही अर्धवटच वाजली. अनामिका मात्र इतर बोटांच्या बरोबरीने, वेळेवर पडत होती. आता आम्ही ओपस १च्या दुसऱ्या भागावर आहोत. तिथे जुलिआनी डाव्या हाताकडे वळतो आणि थर्ड, सिक्स्थ, ऑक्टेव्ह अशा ठरावीक अंतरावरच्या स्वरजोड्या देतो. सध्या आमचे थर्ड चालू आहेत, अगदी संथ लयीत.