एका तक्त्यासाठी

सांगलीत विश्रामबागला माझा होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या वेबसाइट सर्व्हरवर ठेवायचा व्यवसाय आहे. सर्व्हर अमेरिकेतल्या डेटा सेंटरचा, भाड्याचा. त्यावर हळदीचे व्यापारी, बेदाण्याचे अडते, दोन शाळा अशा चाळीसेक साइट. एका साइटविरुद्ध तक्रार आली आणि मी ती अंगावर घेतली, तर डेटा सेंटर अख्खा सर्व्हर थांबवतं आणि सगळ्याच बंद पडतात.

मंगळवारी सकाळी मेल आली. आमचा फॉन्ट तुमच्या सर्व्हरवरून वाटला जातोय, २४ तासांत काढा. रोख होता मिरजेच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराच्या प्रकल्पावर. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर वाचता येईल अशा रूपात आणतो. कोड सर्वांना खुला, पैसा एक घेत नाही.

मी एकेक फाईल उघडून पाहिली. फॉन्ट कुठेच नव्हता. होता फक्त तक्ता, कुठल्या इंग्रजी चिन्हाच्या जागी कुठलं मराठी अक्षर याचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. 'मार्मिक' या एका शब्दात दोन्ही पेच एकत्र येतात, आणि पोरानं ते इतके स्वच्छ सोडवलेत की मी दोनदा वाचलं. फाईलला त्यानं त्या फॉन्टचं नाव दिलं होतं. तेवढ्यावरूनच तक्रार झाली असणार.

डेटा सेंटरला सगळं लिहून कळवलं. खरं-खोटं आम्ही ठरवत नाही, असं उत्तर आलं. डीएमसीए या अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५१२ नोटिशीवर लगेच काढून टाकणाऱ्या होस्टला संरक्षण देतं, मग तपासत कोण बसणार? तक्रारदारानं शपथेवर सांगायचं ते इतकंच, की मी हक्कदाराच्या वतीनं बोलतोय. पोराला हरकत घ्यायची तर त्यानं मात्र नाव-पत्ता-फोन देऊन, अमेरिकी कोर्टाचा अधिकार मान्य करून, काढणं चुकीचं होतं असं शपथेवर लिहायचं. त्यानंतर साइट परत येण्यासाठी १० ते १४ कामाचे दिवस थांबायचं. हा सरळ अन्याय आहे. २०२० मध्ये यूट्यूब-डीएल हे व्हिडिओ उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून तक्रारीमुळे काढल्यावर काही आठवड्यांत परत आलं, आणि गिटहबनं डेव्हलपरांच्या बचावासाठी १० लाख डॉलरचा निधी काढला. छोट्या होस्टच्या पाठीशी असं कुणी नसतं.

बंद करण्याआधी पोराला फोन केला.

"सर, पण त्यात फॉन्ट नाहीच की."

"नाही रे. मी बघितलंय."

"मग काढताय कशाला?"

चाळीस साइटचं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अमेरिकेच्या कोर्टाचं ऐकून घरचे घाबरतील."

संध्याकाळी सहाला मी साइट बंद केली. हरकतीचा अर्ज भरून त्याला पाठवलाय. सहीची जागा अजून कोरी आहे.