मुंबई–न्यूयॉर्क: साडेबारा हजार किलोमीटर आणि सोळा तास

मुलीकडे न्यूयॉर्कला जायचे ठरले, तेव्हा नाशिकहून निघण्याचे दोन मार्ग होते: नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला जाऊन पुढचे विमान धरायचे किंवा गाडीने मुंबई गाठून थेट विमानाने जायचे. अंतराच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नव्हता. ओझर–दिल्ली सुमारे १,००० किलोमीटर आणि दिल्ली–न्यूयॉर्क सुमारे ११,७५०. मुंबई–न्यूयॉर्क सुमारे १२,५००, अधिक मुंबईपर्यंतचा रस्ता. दिल्लीत विमान बदलण्यात जाणारा वेळ धरला आणि आम्ही मुंबई निवडली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने कसारा घाटातली रखडपट्टीही टळणार होती.

दोन विमानतळांमधले जे अंतर आपल्याला सांगितले जाते, ते पृथ्वीच्या गोलावरचे कमीत कमी अंतर असते. निघण्यापूर्वी घरातल्या पृथ्वीगोलावर मी मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून पाहिला. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका सरळ पश्चिमेला दिसते; दोरा मात्र मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडेच चढला आणि सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड असा जात आइसलँडवर पोहोचला, तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून लॅब्राडोरवर उतरला. तो दोरा पाहूनच या प्रवासाचे खरे स्वरूप मला उमगले.

प्रत्यक्षात विमान त्या दोऱ्यावरून गेले नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, त्यामुळे आमचे विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळले आणि पुढे तुर्कस्तान व युरोपवरून अटलांटिकवर आले. ताशी ९०० किलोमीटरने साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे चौदा तास, हा कागदावरचा हिशेब; आम्हाला सोळा तासांहून अधिक लागले. त्यात वळशाचा वाटा होता, तसाच वाऱ्याचाही.

अटलांटिकवर समोरच्या पडद्यावर जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी ७९० किलोमीटर दिसत होता आणि बाहेरचे तापमान उणे ५६ अंश. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम हिवाळ्यात अधिक जोर धरते, कारण ध्रुवाकडचा प्रदेश आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातला फरक तेव्हा वाढतो. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला हाच वारा समोरून येतो. त्यामुळे अटलांटिकवरचे मार्ग रोज नव्याने आखले जातात आणि वारा टाळण्यासाठी लांबचा मार्ग घेणेही पुष्कळदा फायद्याचे ठरते. मला तरी या आखणीचे विमानाच्या वेगापेक्षा अधिक कौतुक वाटते.

मध्यरात्रीनंतर दीडला निघालेलो आम्ही तिथल्या घड्याळात सकाळी सातच्या पुढे उतरलो. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणून घड्याळातला फरक जेमतेम सहा तासांचा. पत्नी म्हणाली, “अहो, नाशकात आत्ता दिवेलागण होत असेल.”

परतीच्या प्रवासात तोच पडदा ताशी १,०८० किलोमीटर दाखवत होता आणि मुंबईला आम्ही जातानापेक्षा जवळजवळ दोन तास कमी वेळात पोहोचलो. तिकिटावर लिहिलेला वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो, म्हणजे धावपट्टीकडे जाण्याचा आणि उतरल्यावर जागेवर लागण्याचा वेळ त्यात धरलेला असतो. त्यामुळे नाशिकची गाडी ठरवताना तिकिटावरची उतरण्याची वेळ धरावी आणि सामान मिळेपर्यंतचा तासभर त्यात वेगळा मिळवावा.