पाइपच्या दुकानापासून सर्टिफिकेटवाल्या प्लंबरपर्यंत – आमची वाटचाल

आमचं मुळात धायरीत पाइप-फिटिंग आणि सॅनिटरीचं दुकान. 2009 ला सुरू केलं तेव्हा सिंहगड रोडला बिल्डिंगा धडाधड उभ्या राहत होत्या, माल खपवायला फार काही करावं लागत नव्हतं, सकाळी शटर वर जायच्या आधीच प्लंबर पायरीवर चहा पीत बसलेले असायचे. सर्व्हिस द्यायची असं डोक्यात अजिबात नव्हतं. पण काउंटरवर उभं राहिलं की कोण काय नेतो ते दिसतंच ना. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप मागे पडून घरोघरी सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप आलेला, आणि आयुष्यभर डाय फिरवून आटे पाडलेला, सुतळी-सफेदा लावून जॉइंट भरलेला माणूस आता प्लास्टिकचा पाइप चिकटवत होता, तो कसा चिकटवायचा हे त्याला कोणी दाखवलेलंच नाही. पाइप सीपीव्हीसीचा न्यायचा आणि सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, मागायचं साध्या पीव्हीसीचं, का तर स्वस्त पडतं. सांगायला गेलं की "शेठ चालतंय हो, काय होत नाय." होतं की! फक्त लगेच होत नाही. गीझर सुरू होऊन गरम पाणी फिरायला लागलं की होतं, आणि तोपर्यंत वर टाइल बसलेली असते आणि प्लंबर चौथ्या साइटवर पोचलेला असतो.

मग गिऱ्हाईक कोणाकडे येणार, दुकानाकडे. "माल तुमच्याकडूनच नेला होता." माल चांगला होता हे पटवत बसण्यापेक्षा आपणच काम घ्यावं असं ठरवून 2014 ला सर्व्हिस चालू केली. माझा भाचा आयटीआयला प्लंबर ट्रेडचं एक वर्ष करून आला होता, तो आणि दोन मिस्त्री. त्यातले एक ओडिशाचे, पट्टामुंडईकडचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला हा भाग प्लंबरांसाठी देशभर प्रसिद्ध आहे, पुण्या-मुंबईच्या साइटवर उडिया प्लंबर दिसला तर गाव विचारून बघा, बहुतेक तिकडचाच निघेल. तिथे पट्टामुंडईत प्लंबिंगची सरकारी इन्स्टिट्यूटसुद्धा आहे. आमचे मिस्त्री मात्र त्या इन्स्टिट्यूटचे नाहीत, काकाच्या हाताखाली शिकलेले.

सर्टिफिकेटचा विषय आमच्याकडे 2018 ला आला. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 पासूनची, त्यात आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) म्हणून प्रकार आहे, म्हणजे ज्याला काम येतंच त्याला पहिल्यापासून क्लासला न बसवता थोडी उजळणी घ्यायची, परीक्षा घ्यायची आणि सर्टिफिकेट द्यायचं. प्लंबरांसाठी वेगळी स्किल कौन्सिल आहे, तिचा असेसर, म्हणजे परीक्षक येतो, तोंडी विचारतो, हातानं काम करून घेतो. मला वाटलं पोरं खुश होतील. कोणी तयार नाही! कारण साधं, खाडा. रोजावरचा माणूस ट्रेनिंगला बसला की त्या दिवसाची हजेरी गेली, आणि वीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीला कोणीतरी परीक्षा घेणार म्हटल्यावर मानाचाही प्रश्न येतोच.

हिशोब आमच्याकडे बायको बघते. तिनं एक जुनी तक्रार काढली आणि मला एका कागदावर मांडून दाखवलं. बाथरूमच्या भिंतीत एक एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा कोपऱ्याचा जोड, गळला, एल्बोची किंमत चहा-वडापावइतकी. पण टाइल फोडायची, तशीच टाइल आता बाजारात मिळत नाही म्हणून अख्खी भिंत बदलायची, गवंडी, वॉटरप्रूफिंग, खालच्या फ्लॅटवाल्याचं सीलिंग, रंग. म्हणाली यातलं एक लफडं वाचलं तरी सगळ्यांची ट्रेनिंगची हजेरी निघते. तिथून आम्ही नियम केला, ट्रेनिंगच्या दिवसाची पूर्ण हजेरी दुकान देणार. मग सगळे आले, अगदी कुरकुरणारेसुद्धा.

खरं सांगायचं तर सर्टिफिकेट बघून घरगुती गिऱ्हाईक एक रुपया जास्त देत नाही. त्याला रेट विचारायचा असतो आणि आज येता का उद्या ते विचारायचं असतं. उपयोग झाला तो सोसायट्यांच्या वार्षिक कॉन्ट्रॅक्टला आणि एक-दोन बिल्डरांकडे, तिथे फाइलला कागद लागतात. आणि हे वेगळं, महापालिकेचं प्लंबरचं लायसन्स वेगळं, यात लोक फार गोंधळ करतात. स्किलचं सर्टिफिकेट हातात आलं म्हणून कॉर्पोरेशनच्या लाइनवरून नळजोड घेता येत नाही, तिथे परवानाधारक प्लंबरच लागतो. सही एकाची आणि काम भलत्याचंच असा प्रकार चालतो, सगळ्यांना माहीत आहे, जास्त बोलत नाही.

पण त्या असेसमेंटच्या निमित्तानं आम्ही गोडाऊनच्या मागे एक भिंत बांधली, ती मला सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाची वाटते. त्या भिंतीवर प्रत्येकानं जॉइंट करायचे. पाइप सरळ कापायचा, कड साफ करायची, सुका घालून बघायचा, सोल्युशन पाइपलाही आणि फिटिंगलाही लावायचं, आत सारताना पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. हे सगळ्यांना "येतं". मग दुसऱ्या दिवशी तोच जॉइंट आरी घेऊन उभा चिरायचा. आत कुठे सोल्युशन पोचलंच नाही, कुठे पाइप तळापर्यंत गेलाच नाही, सगळं उघडं पडतं. बाहेरून एक नंबर दिसणारे जॉइंट आतून असे निघाले की पहिल्या दिवशी कोणी जेवताना बोललं नाही. भाषण करायची गरजच नाही पडली.

दुसरं शिकवतो ते प्रेशर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला), म्हणजे अकरा मजल्याच्या गच्चीवरच्या टाकीचं खालच्या फ्लॅटला तीन-साडेतीन किलो पडतं, मध्ये प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर. लाइन बुजवायच्या आधी कामाच्या प्रेशरच्या दीडपट देऊन हातपंपानं टेस्ट करायची, काटा पडतो का बघायचं, आणि काट्याचा फोटो ग्रुपवर टाकल्याशिवाय गवंड्याला प्लास्टर सांगायचं नाही. तिसरं गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. तो थेंब थेंब गळतो म्हणून गिऱ्हाईक सांगतं बंद करून टाका, आणि आमच्या लाइनीतले लोक खुशाल त्याच्या तोंडाला प्लग मारून येतात. पाणी तापलं की फुगतं, प्रेशर वाढतं, थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटू शकते. आमचा माणूस असा प्लग मारताना सापडला तर त्या दिवसाची हजेरी नाही, एवढा एकच दंड आमच्याकडे आहे.

आणि पाण्याचं म्हणाल तर 2025 च्या जानेवारीत आमच्याच भागात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीकडे जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) चे पेशंट निघाले आणि सगळ्यांचं लक्ष एकदम पाण्यावर गेलं. त्या महिन्यात दुकानात माल कमी आणि प्रश्न जास्त. सोसायट्यांतून बोलावणी यायला लागली, टाक्या बघा, लाइन बघा. बघितलं तर बऱ्याच ठिकाणी बोअर, टँकर आणि कॉर्पोरेशनचं पाणी एकाच लाइनला, मध्ये फक्त एक व्हॉल्व्ह, तोही अर्धवट बसणारा. जमिनीखालच्या टाकीत येणारा पाइप पाण्यात बुडालेला, म्हणजे लाइनला प्रेशर गेलं की टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाणार. यात महागडं काही करायचं नसतं, इनलेट ओव्हरफ्लोच्या वर घ्यायचा, लाइनी वेगळ्या करायच्या, टाकीचं झाकण नीट बसवायचं. पण हे बघायची नजर लागते, ती आमच्या पोरांकडे तोपर्यंत आली होती.

सगळं गोड आहे असं नाही. शिकवलेली पोरं जास्त रोजावर दुसरीकडे जातात, जाऊ देत. लॉकडाऊनला ओडिशावाले मिस्त्री गावी गेले ते वर्षभर आलेच नाहीत, भाच्यानं एकट्यानं किल्ला लढवला. आणि एक राग आहेच, 2023 ला कारागिरांसाठी केंद्राची विश्वकर्मा योजना आली, 18 धंदे घेतले त्यात, गवंडी आहे, सुतार आहे, न्हावी आहे, प्लंबर नाही. का ते कोणी सांगावं मला.

आता पीपीआर, म्हणजे गोंदाऐवजी तापवून जोडायच्या प्लास्टिक पाइपच्या वेल्डिंगचं मशीन घेतलंय, 260 डिग्रीला पाइप आणि फिटिंग तापवून जोडायचं, 20 एमएमला पाच सेकंद, 25 ला सात, जास्त तापलं की पाइपचं तोंड आतून बुजतं. पुढची बॅच दिवाळीनंतर. बाहेरच्या प्लंबरनाही बसता येईल, फी नाही, चहा-नाश्ता आमचा, पाना आणि आरी मात्र स्वतःची आणायची.