भाच्याचं खोकं

दिवाळीला भाचा ब्रनोहून आला तेव्हा आईला चॉकलेटं आणली, वडिलांना जाकीट आणलं, आणि मला मोज्यात गुंडाळलेलं एक फुटकं खोकं. डावं-उजवं अशी दोन टरफलं, राखाडी रंगाची, हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं भलतीच जड. "मामा, हे कुपवाडला होईल का?" एवढंच म्हणाला. कुपवाडला म्हणजे माझ्या मशीन शॉपमध्ये. मी ते खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं. पुढच्या बाजूला केसाएवढी चीर होती, एका कोपऱ्यातून निघून थेट कडेपर्यंत गेलेली.

चेक देशात शिकायला गेलेलं हे पोरगं रविवारी मित्रांबरोबर जंगलात एअरसॉफ्ट खेळतं. म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकीतून ६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या एकमेकांवर मारायच्या, डोळ्यांना गॉगल लावून. आमच्या बहिणीला अजून "ट्रेकिंगला जातो" एवढंच माहीत आहे, आणि ती हा ब्लॉग वाचत नाही. बंदूक तिकडंच राहिली, इकडं आला तो नुसता गिअरबॉक्सचा सांगाडा आणि एका प्लास्टिकच्या डबीत गिअर, बुश, पिस्टन. मला तरी बंदुकीशी काय करायचंय? मला जॉब दिसला, म्हणजे मशीनवर करायचं काम.

आतलं काम समजलं तेव्हा मात्र मी खूश झालो. बॅटरीवर मोटर फिरते, ती तीन गिअर फिरवते. शेवटच्या गिअरला अर्ध्याच घेरात दात. दात आहेत तोवर तो पिस्टनला मागं ओढतो, स्प्रिंग दबते. दात संपले की पिस्टन सुटतो, सिलिंडरमधली हवा पुढं ढकलतो आणि त्या हवेवर गोळी जाते. गिअर उलटा फिरू नये म्हणून सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतं तसं छोटं कुत्रं, म्हणजे अडवणारा खटका. भाच्यानं होस्टेलवर पहिल्यांदा हे उघडलं तेव्हा स्प्रिंग उडून कपाटाच्या वर गेली आणि ते कुत्रं दोन दिवसांनी पलंगाखाली सापडलं.

आता सेकंदाला पंधरा गोळ्या धरा. म्हणजे पिस्टन सेकंदाला पंधरा वेळा येऊन पुढच्या भिंतीवर आदळतो. नेमकं तिथंच, सिलिंडरच्या जागी, खोक्याच्या दोन्ही बाजूंना खिडकी कापलेली. खिडकीच्या वर एक बारीक पट्टी, खाली एक बारीक पट्टी, सगळा मार त्या पट्ट्यांवर. आणि खिडकीचा कोपरा कसा? चाकूनं कापल्यासारखा काटकोनी. चीर तिथूनच निघाली होती. माझे आजोबा किर्लोस्करवाडीला पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने करतात तिथं, होते. कोपऱ्याला गोलाई न देता पॅटर्न करणाऱ्याला ते काय म्हणायचे, ते इथं लिहिता येणार नाही.

मी म्हटलं, असलं कमकुवत खोकं बनवलंच कशाला? तर त्यालाही कारण आहे. या रचनेला 'व्हर्जन टू' म्हणतात, ती टोकियो मारुई या जपानी कंपनीच्या इलेक्ट्रिक बंदुकांतून आली आणि पुढं जगभर तिच्या नकला झाल्या. जपानात अशा बंदुकीच्या ताकदीला कायद्यानं ०.९८ ज्यूलची मर्यादा आहे. तेवढ्याला ओतीव खोकं पुरतं. भाच्यानं बसवली होती एम१२० स्प्रिंग. हा आकडा साधारण वेगाचा असतो, ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १२० मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर १.४४ ज्यूल. म्हणजे जपानी मापाच्या जवळजवळ दीडपट. शेतातल्या पाच एचपीच्या पाइपलाइनला साडेसात एचपीची मोटर लावून वर "पाइप फुटला" म्हणून ओरडायचं, त्यातला प्रकार.

याच्यावर तिकडचा उपाय म्हणजे ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, कोरलेलं खोकं. रेट्रो आर्म्स नावाची चेक कंपनीच ७०७५ या मजबूत ग्रेडच्या ॲल्युमिनियममध्ये ते करते, म्हणजे आमच्या भाच्याच्या दारातच. "मग घे की विकत!" "शंभराच्या वर युरो पडतात मामा, आणि तुमच्याकडं व्हीएमसी आहे." व्हीएमसी म्हणजे असलं कोरकाम करणारं सीएनसी मशीन. हे बोलताना त्यानं माझ्याकडं न बघता मामीकडं बघितलं. पोरगं आईवर गेलंय.

लोकांना वाटतं कमाल ॲल्युमिनियमची. आहेच, नाही असं नाही. ७०७५ टी६ची यील्ड, म्हणजे कायमचं वाकण्याआधी धातू सोसतो तो ताण, पाचशे मेगापास्कलच्या आसपास, आपल्याकडं सर्रास मिळणाऱ्या ६०६१ची पावणेतीनशे. पण मला विचाराल तर निम्मी कमाल एंडमिलची, म्हणजे मिलिंगच्या गोल कटरची, आहे. ६ मिलिमीटरची एंडमिल खिडकी कापायला आत गेली की कोपऱ्यात तिला ३ मिलिमीटरची गोलाई सोडावीच लागते, कारण कटर स्वतः गोल आहे. आतला काटकोनी कोपरा मिलिंगमध्ये करायचाच म्हटला तर जीव जातो. एरवी गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमध्ये असा कोपरा दिसला की आम्ही फोन करून भांडतो. इथं ती अडचणच उपयोगी पडली. ओतीव खोकंवालेही काही जण नवं खोकं आणलं की आधी कानशीनं ते कोपरे गोल करतात, मगच जोडतात. ते बिनखर्चाचं काम आहे, मी भाच्याला तेच आधी सांगितलं. पण याचं खोकं फुटून गेलेलं.

ड्रॉइंग नव्हतं. मापं काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. गिअरच्या सेंटरांमधली अंतरं महत्त्वाची, ती व्हर्नियर लावून मिळत नाहीत. बुश, म्हणजे गिअरचा आस ज्यात फिरतो त्या कड्या, ८ मिलिमीटरच्या, त्यांच्यात आस ३ मिलिमीटरचा. मग न फुटलेल्या टरफलात बुश बसवले, त्यात ३ मिलिमीटरच्या डॉवेल पिना उभ्या केल्या, दोन पिनांचं बाहेरून बाहेर माप मायक्रोमीटरनं घेतलं आणि त्यातून ३ वजा केले. तीन तीनदा घेतलं. भाचा वहीत लिहीत होता आणि मध्ये मध्ये भडंग खात होता, त्यामुळं वहीचं ते पान अजून तेलकट आहे.

पहिला जॉब शॉपमध्ये पडून असलेल्या ६०६१च्या ठोकळ्यावर लावला, ट्रायल म्हणून. देखणा झाला. बुश बसवले, गिअर ठेवले, दुसरं टरफल वर ठेवून स्क्रू आवळले आणि गिअर बोटानं फिरवायला गेलो तर जाम. स्क्रू ढिले केले की फिरतोय, आवळले की जाम. डायल गेज लावून बघितलं तर दोन टरफलांच्या बोअरमध्ये, म्हणजे बुशच्या भोकांत, ०.१५ मिलिमीटरचा फरक. एका टरफलाचा झीरो, म्हणजे मशीन जिथून मापं मोजतं ती जागा, मशीन केलेल्या कडेवरून घेतलेला, दुसऱ्याचा करवतीनं कापलेल्या कडेवरून. मी ऑपरेटरकडं बघितलं. तो शांतपणे म्हणाला, "आण्णा, त्यादिशी मी गावाकडं हुतो. झीरो तुमीच घेतलाय."

तेवीस वर्षं या धंद्यात आहे मी.

दुसऱ्या वेळी शहाणपणानं केलं. मुंबईहून ७०७५ची टी६५१ प्लेट मागवली. ते शेवटचे ५१ म्हणजे प्लेट कारखान्यातच ताणून तिच्यातला ताण काढलेला असतो. खोक्यासाठी ठोकळ्याचा बहुतेक भाग कीस होऊन जातो, भिंती पातळ राहतात, आणि प्लेटमध्ये ताण असेल तर व्हाइस सोडल्या सोडल्या जॉब केळ्यासारखा वाकतो. तरी रफिंगला, म्हणजे पहिल्या जाड कापणीला, सगळीकडं अर्धा मिलिमीटर ठेवला, रात्रभर जॉब मोकळा सोडला आणि सकाळी हलक्या हातानं धरून फिनिश केला. आधी दोन डॉवेल पिना, मग दोन्ही टरफलं जोडून बुशचे बोअर एकाच सेटिंगला आरपार. मशीन तासाला ५०० रुपये धरलं तर भाच्याचे युरो केव्हाच संपले होते, पण तो हिशेब घरात काढायचा नसतो.

शेवटचं काम शिमचं. गिअरच्या आसावर ०.१, ०.२, ०.३ मिलिमीटरच्या चकत्या घालून गिअर खालीवर डुलणार नाही आणि घासणारही नाही असं बसवायचं. याला माप आहे, पण खरं काम कानाचं. मिरजेत सतारमेकर गल्लीत जवारी काढताना बघितलंय का कधी? घोडीवर कानस किंचित फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा किंचित. भाचा टेबलावर कान टेकवून गिअर फिरवत बसला होता. ०.१ची एक चकती काढली, कुरकुर वाढली. परत घातली, दुसऱ्या बाजूची बदलली. साडेअकरा वाजता एकदाचा गिअर असा फिरला की नुसता सुस्कारा. मामी दोनदा जेवायला बोलावून झोपून गेली होती.

ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवायचा संरक्षक थर, केलं नाही. थर चढला की बोअर आवळतात, आणि त्याचं विमान परवावर आलं होतं. तसंच पांढरं खोकं हळदीच्या पुड्यांबरोबर बॅगेत गेलं.

जानेवारीत फोटो आला. तीन हजारांवर गोळ्या झाल्या, खोक्याला चीर नाही, खिडकीचे कोपरे जसेच्या तसे. खाली दुसरा फोटो होता, पिस्टनचा, आणि त्याचा पहिलाच दात उडालेला. सगळ्यात आधी पकडला जातो तो हाच दात. "मामा, पिस्टन होईल का?"

मी फोन ऑपरेटरला दाखवला. त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला, दात मोजले.

"हुईल की. पर आण्णा, ह्या टायमाला झीरो मी घेनार."