मे महिन्याची लोकसंख्या

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीच्या नळयोजनेचं अंदाजपत्रक घेऊन ग्रामसभेत उभा होतो. निकष ठरलेला: माणशी रोज ५५ लिटर, लोकसंख्या ३० वर्षांनंतरची. ती काढायच्या पद्धती गाव वाढणार असं धरूनच बेतलेल्या वाटतात. इथे तर अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६.९७ लाख होती, ती २०११ मध्ये १६.१५ लाखांवर आली. सूत्रात घातलं की गाव आटतच जातं. म्हणून आम्ही अभियंते काय करतो, तर आजचाच आकडा कायम धरतो आणि पुढच्या तक्त्याकडे वळतो.

आकडा वाचला तशी मागून एक काकू उठल्या. "साहेब, ही माणसं कधी मोजलीत? मे महिन्यात आमच्या घरात दोनाची दहा होतात. तेव्हा नळाला कुलूप लावायचं काय?"

सभा एकदम गप्प झाली. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, तेव्हा चाकरमानी मुंबईत. गणपतीतही ते येतात, पण तेव्हा विहिरी तुडुंब असतात. खरी अडचण मेची. इतका पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं, आणि नेमका तळ दिसत असताना वाडी भरते. अशा वेळी मोठी टाकी बांधून काय होणार? उद्भवातच, म्हणजे जिथून पाणी घ्यायचं त्या विहिरीतच, पाणी हवं.

सभा संपल्यावर ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि मी घरोघर फिरलो. नोंदवहीत दोन रकाने आखले, एक एरवीचा, एक मेचा. काही घरं तर अशी की पहिल्या रकान्यात शून्य.

कार्यालयात वरिष्ठ म्हणाले, "हे निकषात बसत नाही. दरडोई खर्च वाढेल, मंजुरी अडेल." त्यांची काळजी खोटी नव्हती, परत आलेल्या फायली त्यांनी माझ्याहून जास्त पाहिल्यात. पण सूत्र गरजेला लागू पडतं म्हणून नव्हे, तर तपासणीला सोपं म्हणून आपण त्याला चिकटतो, हे मला पटत नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी मेचा रकाना ग्रामसभेच्या ठरावासह फायलीला जोडायचा आणि विहिरीची क्षमता चाचणी हिवाळ्यात न उरकता मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्यायची, एवढं त्यांनी मान्य केलं. टाकीच्या आकारावर अजून वाद चालू आहे.