ताटातून समुद्र वगळताना

मासे सोडायचं ठरवलं तेव्हा मनात एकच धाकधूक होती: ताकद टिकेल का? मी खुल्या समुद्रात लांब पल्ल्याचं पोहते आणि हंगाम नसतो तेव्हा धावते. सराव जोरात असला की दिवसभर भूक पाठ सोडत नाही, आणि त्या भुकेवर कित्येक वर्षं माझा ठरलेला उपाय होता मासा. प्रथिनं भरपूर, पचायला हलका, वर ओमेगा-३. मांस, अंडी, दूध माझ्या खाण्यातून आधीच हळूहळू कमी होत गेलं होतं. त्यामुळे मासा सुटला की आहार पूर्णपणे वनस्पतीजन्य होणार होता, आणि हीच शेवटची पायरी मला सगळ्यांत उंच वाटत होती.

सोडायचं कारण समुद्र. ज्या पाण्यात मी तासन्‌तास असते, तिथल्या जिवांबद्दल वाचायला लागले आणि मग वाचतच गेले. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जगभरातल्या मत्स्यसाठ्यांची पाहणी करते. पाहणी झालेल्या साठ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त साठ्यांमध्ये मासे जितके वाढतात त्यापेक्षा जास्त उपसले जातायत. मला त्याहून जास्त लागलं ते जाळ्यात नको असताना सापडणाऱ्यांचं. मैलोन्‌मैल लांब दोरीला हजारो गळ लावून ती समुद्रात सोडतात. आमिष बुडायच्या आत त्यावर झडप घालणारा अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी गळाला अडकतो आणि दोरीबरोबर खाली ओढला जातो. कासव, डॉल्फिन जाळ्यात अडकले की श्वास घ्यायला वर येऊच शकत नाहीत. पाण्यात असताना माझं सगळं लक्ष पुढच्या श्वासाकडे असतं. तो मिळालाच नाही तर काय होईल, हे मला फार नीट कळतं. कॅलिफोर्नियाच्या आखातात व्हाकिटा नावाची छोटी पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा सस्तन प्राणी) राहते, जगात इतरत्र कुठेही नाही. गिलनेटमुळे, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यांमुळे, ती आता दहाच्या आसपास उरली आहे. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि रे माशांची संख्या १९७० पासूनच्या अर्धशतकात ७१ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आलं, आणि त्यामागचं मुख्य कारण मासेमारीच आहे.

हे कळल्यावर ताटातला मासा सोडणं जमलं. खरी शोधाशोध झाली ती औषधांच्या डब्यात.

लांब पल्ल्याच्या खेळाडूंकडे असा एक डबा असतोच. मी माझा टेबलावर रिकामा केला आणि एकेका बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत बसले. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल तर होत्याच. दुसऱ्या बाटलीत क्रिल या कोळंबीसारख्या चिमुकल्या समुद्री जिवांचं तेल. सांध्यांसाठी घेत असलेलं ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेलं निघालं, तसं बाटलीवर स्पष्ट छापलं होतं. व्यायामानंतर घ्यायच्या पावडरीतलं कोलॅजन माशाच्या कातडीचं. कॅल्शियमच्या गोळ्या शिंपल्यांच्या. व्हिटॅमिन डी माशाच्या यकृताच्या तेलातून. म्हणजे मासा न खाताही मी रोज सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर समुद्र गिळत होते.

कवचं आणि कातडी टाकाऊच असतात, मग त्यांचा उपयोग झाला तर बिघडलं कुठे, असं मला एका सहखेळाडूने विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं की टाकाऊ भागालाही चांगला भाव मिळायला लागला की मूळ धंद्याचं गणित आणखी सोपं होतं, आणि कोळंबीसाठी तळ खरवडत जाणारं ट्रॉलिंग नको त्या जिवांच्या बाबतीत सगळ्यांत वाईट प्रकारांपैकी एक आहे. तेलाचं तर आणखी वेगळं. पेरूच्या किनाऱ्यावरची अँचोवेटाची मासेमारी जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमाऱ्यांपैकी एक, पण तो मासा माणसाच्या ताटात फारसा येतच नाही. बहुतेक सगळ्याची भुकटी आणि तेल होतं. त्याच माशावर तिथले पाणकावळे, पेलिकन, बूबी पक्षी जगतात. अंटार्क्टिकातल्या क्रिलवर तर व्हेल, सील आणि पेंग्विन यांचा सगळा संसार उभा आहे. माझ्या हृदयाच्या काळजीपोटी त्यांच्या तोंडचा घास काढावा, हे मला पटेना.

आणि गरजही नव्हती! मासा डीएचए आणि ईपीए हे माशाच्या तेलातलं ओमेगा-३ स्वतः जवळपास बनवतच नाही. ते सूक्ष्म शैवालात तयार होतं, शैवाल खाणाऱ्या जिवांमधून छोट्या माशात जातं, तिथून मोठ्या माशात. हेच शैवाल टाक्यांमध्ये वाढवून त्याचं तेल थेट काढता येतं. आता मी शैवालतेलाच्या कॅप्सूल घेते. जवस, अक्रोड, चिया यांतही ओमेगा-३ असतं, पण ते वेगळ्या प्रकारचं, एएलए नावाचं. शरीर त्याचं डीएचएमध्ये रूपांतर अगदीच थोडं करतं. म्हणून जवस रोज खाते, पण फक्त त्याच्या भरवशावर राहत नाही. व्हिटॅमिन डी आता दगडफुलापासून काढलेलं घेते. ग्लुकोसामाइन आणि कोलॅजन बंद केलं, त्यांच्या जागी काही आणलं नाही.

आता जेवणाचं. वनस्पतीजन्य आहार आणि लांब पल्ल्याचा सराव यांत मोठी अडचण प्रथिनांची असेल असं सगळे सांगत होते. मला तरी मोठी अडचण पोटातल्या जागेची वाटली. कडधान्यं, भाज्या, अख्खी धान्यं यांत चोथा आणि पाणी भरपूर. पोट भरतं, पण उष्मांक कमी पडतात. पहिल्या काही आठवड्यांत जेवण झाल्यावर एकदम तृप्त वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या टप्प्यात हात जड व्हायचे. आहारतज्ज्ञाने हिशेब मांडून दाखवला. रोज एक ते तीन तास कसून सराव करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे सहा ते दहा ग्रॅम कर्बोदकं लागतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे ३६० ते ६०० ग्रॅम. एवढं सगळं कोशिंबिरीतून येत नाही. मग सरावाच्या दिवशी भात, बटाटे, ओट्स, खजूर, केळी यांचं प्रमाण निर्धास्त वाढवलं. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं बटर जवळपास प्रत्येक खाण्यात आलं, कारण थोड्या जागेत खूप ऊर्जा मावते. कमी खाऊन जास्त सराव करत राहिलं तर पाळी बिघडते, हाडं कमजोर होतात. ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं आहे. ती कुठल्याही आहारात येऊ शकते, पण चोथ्याने भरलेल्या ताटावर नकळत येते. बायकांनी तर पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्याच.

प्रथिनांचं त्या मानाने सरळ. दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम ही क्रीडा आहारतज्ज्ञांमध्ये मान्य असलेली मर्यादा. मी वरच्या टोकाकडे राहते, कारण बहुतेक वनस्पतींच्या प्रथिनांत ल्युसिन (स्नायूंच्या बांधणीला चालना देणारं अमिनो आम्ल) कमी असतं आणि पचनही थोडं कमी होतं. टोफू, सोयाबीन, मसूर, चणे, वाटाण्याच्या प्रथिनांची पावडर. एकाच जेवणात सगळं न कोंबता दिवसभरात चार-पाच वेळा विभागून.

बी१२ ला पर्याय नाही, गोळी घ्यायचीच. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आयोडीनकडेही लक्ष हवं, कारण माझं बहुतेक आयोडीन मासेच पुरवत होते. समुद्री शेवाळात ते असतं, पण प्रत्येक जातीत इतकं कमी-जास्त की अति होण्याचा धोकाही तेवढाच. मी आयोडीनयुक्त मिठावर भर दिला.

लोहाने मात्र दमवलं. आहार बदलण्याआधी केलेल्या तपासणीतच फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, काठावर होतं. धावणाऱ्या बायकांमध्ये हे नेहमीचंच. काही महिन्यांनी ते आणखी उतरलं. हिमोग्लोबिन ठीक, पण जिना चढताना पोटऱ्या भरून यायच्या आणि एरवी सहज जमणारा वेग ओढून आणावा लागायचा. डॉक्टरांनी तेव्हा हेप्सिडिनबद्दल समजावलं. हे यकृतात बनणारं संप्रेरक आतड्यातून लोह आत येण्याचं दार बंद करतं, आणि कसून व्यायाम केल्यावर तीन ते सहा तासांच्या सुमारास त्याची पातळी चढलेली असते. म्हणजे मोठा सराव झाल्यावर दुपारी निवांत बसून मसूर खावी, तर नेमकं तेव्हाच दार बंद! मग मी लोहाचं खाणं सकाळी, सरावाच्या आधी किंवा लगेच नंतर आणलं. मसुरीवर लिंबू, ओट्सबरोबर संत्रं, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींमधलं लोह जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी जेवणापासून लांब नेली. कडधान्यं भिजवून मोड आणायला लागले, त्याने लोह शोषू न देणारं फायटेट कमी होतं. काही काळ गोळ्याही घेतल्या, पण त्या तपासणी बघून डॉक्टरांनी दिल्या म्हणून. लोह अंगात जास्त साठणंही वाईटच. फेरिटिन वर यायला वेळ लागला. पण आलं.

शर्यतीच्या दिवशीचं खाणं मला आधीपासूनच सोपं होतं, कारण ते बहुतेक वनस्पतीजन्यच असतं, फक्त कुणी तसं म्हणत नाही. लांब पोहताना सोबतच्या होडीला हात लावायचा नसतो. ठरलेल्या वेळाने दोरीला बांधलेली बाटली पाण्यात टाकतात, पाठीवर तरंगत ती रिकामी करायची आणि सोडून द्यायची. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन (पोटात गेल्यावर ज्याचं ग्लुकोज होतं ती पिठाची पावडर), थोडं फ्रुक्टोज म्हणजे फळांतली साखर, मीठ. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यात वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, म्हणून दोन्ही मिळून तासाला ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदकं घेता येतात, नुसत्या ग्लुकोजवर ६० च्या आसपासच. बदल केला तो आदल्या दोन दिवसांत: कडधान्यं, पालेभाज्या, अख्खी धान्यं बाजूला. पांढरा भात, सोललेले बटाटे, पिकलेली केळी, टोफू. एरवी पोटाला हितकारक असणारा चोथा लाटांवर चार तास हेलकावे खाताना मुळीच नको असतो.

ताकद टिकते का, या माझ्या प्रश्नाला स्कॉट ज्युरेकने खूप आधी उत्तर दिलेलं आहे. वनस्पतीजन्य आहारावर धावणाऱ्या या माणसाने वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची शर्यत १९९९ ते २००५ सलग सात वेळा जिंकली. त्याच्या आसपास फिरकायचाही माझा दावा नाही. माझा वेग पूर्वी होता तेवढाच आहे, कडक सरावानंतर अंग मोकळं व्हायला लागणारा वेळही तेवढाच. आहार बदलल्याने मी वेगवान झाले असं कुणाला सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही. वेग न गमावता मासा सोडता येतो, एवढं मात्र छातीठोकपणे सांगते.

ज्यांचं पोट मासेमारीवर चालतं, ज्यांना दुसरं परवडणारं प्रथिन मिळत नाही, त्यांच्या ताटाबद्दल मला काही म्हणायचं नाही. नीट सांभाळलेल्या मासेमाऱ्याही आहेत, तिथले साठे सावरलेलेही आहेत. कुणी फक्त माशाचं तेल सोडून शैवालतेलावर आलं तरी मला आनंदच होतो. सरावातल्या दोन मैत्रिणींनी तसं केलं. त्यांतली एक अजून मासे खाते, पण आता कुठला आणि कसा पकडलेला ते विचारून घेते. दुसरीने मागच्या आठवड्यात तिच्या डब्यातल्या बाटल्यांचे फोटो पाठवले. रविवारच्या पोहण्यानंतर त्यावरची बारीक अक्षरं आम्ही दोघी मिळून वाचणार आहोत.