तुम्ही विचारलंत म्हणून: भाषा येत नाही, मग रॅप कसलं ऐकता?

"दादा, स्पॅनिशचं एक अक्षर कळत नाही तुम्हाला. गाणं असतं तर समजलं असतं, पण रॅप? त्यात शब्द सोडून असतं काय?"

आमच्या ऑर्केस्ट्रातली पोरं हे मला कायम विचारतात. मी कीबोर्ड वाजवतो. लग्नं, गणपती, वाढदिवस, जे मिळेल ते. तर उत्तर एकदाचं लिहूनच टाकतो, आणि त्यासाठी एकच अल्बम घेतो: प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या 'काये त्रेसे' या जोडीचा, नोव्हेंबर 2010 मध्ये आलेला 'एन्त्रेन लोस के किएरान'. म्हणजे ज्याला यायचं त्याने खुशाल यावं.

हे दोघे सावत्र भाऊ. रेने पेरेस शब्द लिहितो आणि रॅप करतो, एदुआर्दो काब्रा संगीत करतो. आईवडील वेगळे झाल्यावर काब्रा भावाला भेटायला त्यांच्या कॉलनीत जायचा, तेव्हा गेटवरचा वॉचमन विचारायचा, इथले रहिवासी की पाहुणे? त्यावरून एक झाला 'रेसिदेंते', दुसरा 'विसितांते'. 'काये त्रेसे' हे त्यांच्या गल्लीचंच नाव, तेरा नंबरची गल्ली. जगभर बोलबाला झाला तो रेसिदेंतेचा, आणि साहजिक आहे. 2009 मध्ये एका पुरस्कार सोहळ्याच्या मंचावरून त्याने प्वेर्तो रिकोच्या गव्हर्नरला शिवी हासडली, कारण सरकारने हजारो कर्मचाऱ्यांना घरी बसवलं होतं. त्याच सोहळ्यात अंगात टी-शर्ट होता कोलंबियाच्या राष्ट्राध्यक्षांना डिवचणारा. मग कोलंबियात मानिसालेस शहरातला त्यांचा कार्यक्रम रद्द झाला. एवढी धुळवड उडवणारा माणूस पुढे उभा असला की मागे कीबोर्डवर कोण आहे ते कोण बघतो?

मी बघतो. धंदाच तो माझा.

'लातिनोअमेरिका' हे या अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं. रॅप म्हटलं की चार-चारच्या ठेक्यात शब्द कोंबायचे, अशी सवय आपल्या कानाला असते. इथे काब्राने चाल सहाची ठेवली आहे. तबल्यावर दादरा लावून बघा, बसतो. आता सहावर बोलायचं म्हणजे रेसिदेंतेला धावता येत नाही, तीन-तीनचे झोके घेत बोलावं लागतं. त्यामुळे एरवी अंगावर धावून येणारा हा माणूस इथे कोणीतरी जुनी यादी वाचून दाखवावी तसा बोलतो. आणि ती यादीच आहे: लुटून नेल्यावर जे उरलं ते मी, गायब केलेल्या माणसाचा फोटो मी, इंग्लंडला दोन गोल मारणारा मॅराडोना मी. हे मी नंतर भाषांतरात वाचलं. पण आवाज खाली आलाय, माणूस वाद घालायचा थांबलाय, हे वाचायच्या आधीच कळलं होतं. ते ठेक्याने सांगितलं.

ध्रुवपदाला तीन बायका येतात. कोलंबियाची तोतो ला मोम्पोसिना, पेरूची सुसाना बाका आणि ब्राझीलची मारिया रिता. तिसरीचा भाग पोर्तुगीजमध्ये. वारा, ऊन, पाऊस, माझा आनंद, माझं दुःख, यातलं काही तुला विकत घेता येणार नाही, एवढंच त्या सांगतात. तिघींचे आवाज एकमेकींत विरघळवून टाकायचा मोह कोणत्याही अरेंजरला झाला असता. काब्राने प्रत्येकीचा पोत वेगळाच राहू दिलाय. साथीला अर्जेंटिनाचा संगीतकार गुस्तावो सांताओलाया आहे, आणि गाणं रचण्यात राफा आर्काउते या संगीत निर्मात्याचाही हात आहे.

बाकी गाण्यांत काब्रा नुसता तऱ्हेतऱ्हेच्या संगीताची दुकानं पालथी घालतो. 'ला बाला'मध्ये काउबॉय सिनेमाचा रंग लावून बंदुकीच्या गोळीचा प्रवास सांगितलाय: पैसा कमी, अन्न कमी, गोळ्या मात्र मुबलक. एका गाण्यात नायजेरियाचा गायक सेऊन कुटी येतो. 'बाइले दे लोस पोब्रेस'वर चक्क बॉलिवूडची छाप आहे. विषयही आपलाच, मुलगी बड्या घरची आणि मुलगा फाटका! आपल्या कानाला ती छाप जरा वरवरची लागते, पण लग्नात वाजवलं तर वरात नाचेल.

'काल्मा प्वेब्लो' मला तितकंसं पटत नाही. त्यात रेसिदेंते बड्या कंपन्यांवर तोंडसुख घेतो, आणि अल्बम निघालाय सोनी या बड्या संगीत कंपनीकडून. तो हुशार आहे, गाण्यातच म्हणून टाकतो की आदिदास मला वापरत नाही, मीच आदिदासला वापरतोय. असं आपल्याकडचे पुढारीही म्हणतात. पण गिटार काय कडक आहे त्यात.

नोव्हेंबर 2011 मध्ये लास वेगासला लॅटिन ग्रॅमी, म्हणजे स्पॅनिश-पोर्तुगीज संगीताचे मोठे पुरस्कार, झाले. काये त्रेसेला एका रात्रीत 9 पुरस्कार मिळाले, तेव्हाचा विक्रम. तिथे व्हेनेझुएलाचा नावाजलेला संचालक गुस्तावो दुदामेल याच्या हाताखाली तिथल्याच सिमोन बोलिव्हार ऑर्केस्ट्राने 'लातिनोअमेरिका' वाजवलं, आणि गाणाऱ्यांतली सुसाना बाका त्या वेळी पेरूची सांस्कृतिक मंत्री होती. पण पोरांना मी सांगतो ते वेगळंच. पुरस्कारांची यादी नीट बघा. सर्वोत्कृष्ट अल्बम वगैरे ठीक आहे. पण याच एका अल्बममधल्या तीन गाण्यांनी तीन वेगळ्या खात्यांतली बक्षिसं उचलली: अर्बन (रॅप-रेगेटॉन), अल्टरनेटिव्ह (चाकोरीबाहेरचं रॉक) आणि ट्रॉपिकल (कॅरिबियन नाचाचं संगीत). रॅप करणारा तिन्हींकडे एकच. फरक कुणी केला?

दोघे 2015 मध्ये आपापल्या वाटेने गेले. रेसिदेंते एकटा आणखी मोठा झाला. काब्रा दुसऱ्यांचे अल्बम घडवत बसला.

ऐकायचं असेल तर 'लातिनोअमेरिका'पासून सुरू करा आणि हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा ड्रम येतच नाही. मधे मधे जी बोलण्याची छोटी नाटुकली आहेत ती खुशाल पुढे ढकला. तिथे मात्र भाषा लागते.